ओल्या मातीला हात न लावणारा मुलगा: नागपूरच्या एका खेळघरातलं प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण नागपुरात, मानेवाड्याच्या बाजूला एका लेआउटमध्ये आमचं खेळघर चालतं. भाड्याचं जुनं बैठं घर, मागे आंगण, आंगणात एक कडुनिंब आणि एक नळ. अडीच ते पाच वर्षांची चोवीस मुलं, आम्ही दोघी ताया आणि एक मावशी. घर घेतलं ते आंगणासाठीच. आतली फरशी फुटकी आहे आणि पावसाळ्यात एका खोलीची भिंत ओल धरते. पण अशी मोकळी जागा आता त्या भागात शोधून सापडत नाही. जिथे होती तिथे फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या.

रोज दहा ते अकरा आमचा मातीपाण्याचा तास असतो. रेतीचा हौद, काळ्या मातीचं घमेलं, पाण्याचा टब, चाळण्या, करवंट्या, घरोघरचे फुटके कप आणि डबे. विकत आणलेलं जवळपास काही नाही. यात आमची स्वतःची अक्कल फारशी नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली पालघरकडच्या बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या, पुढे तेच काम कोसबाडला गेलं. महागडी मॉन्टेसरी साधनं तिथल्या मुलांना परवडणारी नव्हती, म्हणून खडे, शिंपले, पानं, बिया हीच साधनं झाली. आम्ही त्याच वाटेने चालतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही ३ ते ८ वर्षांचा टप्पा पायाभूत मानून त्यात खेळाला मधोमध बसवलं. पालकसभेत हा कागद दाखवायला बरा पडतो. वाचत कुणी नाही.

ज्या मुलाबद्दल लिहिते आहे त्याला इथे अर्णव म्हणते. नाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. आला तेव्हा तो तीन वर्षं आठ महिन्यांचा होता. बाबा मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योगपट्ट्यात नोकरीला, आई बँकेत. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दिवसभर घरी आजी, म्हणजे बाबांची आई, मूळच्या काटोलकडच्या. मुलगा बोलायला चुणचुणीत, गाड्यांची नावं तोंडपाठ, बूट स्वतः घालणारा. प्रवेशाच्या वेळी आई एवढंच म्हणाली, "ताई, तो फार स्वच्छ आहे हो. हाताला काही लागलेलं त्याला चालत नाही." मी ते कौतुक म्हणून ऐकलं आणि फॉर्म पुढे सरकवला.

अडचण

विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे आमचं वर्ष सुरू होतं तेच पावसात. काळी माती काय चीज आहे हे इकडे वाढलेल्याला सांगायला नको. उन्हाळ्यात अख्खा हात जाईल एवढ्या भेगा, आणि दोन सरी पडल्या की चपलेला किलोभर लगदा. मुलांना मात्र पर्वणी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एकदा चांगला पाऊस होऊन थांबला आणि सगळी गँग आंगणात उतरली.

अर्णव मागच्या दाराच्या उंबरठ्यावर उभा होता. दोन्ही मुठी छातीशी घट्ट धरलेल्या, कोपरं आत ओढलेली. आठवडाभर तो असाच उभा राहत होता. त्या दिवशी मला वाटलं, एकदा हात लागला की भीती मोडेल. मी त्याच्याजवळ बसले, "बघ, किती मऊ आहे" म्हणत त्याचा हात धरला आणि तळवा घमेल्यातल्या मातीवर टेकवला. जोर लावला नाही. पण धरला होता, हे खरं आहे.

तो रडला नाही. ताठ झाला, आणि मग उलटी केली. मावशीने हात धुऊन दिला, पुसून दिला, तरी साडेबाराला आजी घ्यायला येईपर्यंत त्याने तो उजवा हात अंगापासून लांब धरून ठेवला होता, दुसऱ्या कुणाचा तरी हात आपल्याकडे सांभाळायला दिल्यासारखा. खाऊ डाव्या हाताने खाल्ला.

पुढचे चार दिवस तो आला नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणे पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकले होते. चिखलाने माखलेली मुलं समोर, आणि मागे दारात एकटा अर्णव. आईने नीट न बघता तो फोटो घरच्या ग्रुपवर पाठवला. तिथून एका नातेवाइकाचा प्रश्न आला: "तुमचा पोट्टा असा वेगळा काहून उभा आहे?" शनिवारी आई एकटीच आली आणि खुर्चीवर बसायच्या आधी म्हणाली, "ताई, त्याला काही प्रॉब्लेम आहे का? असेल तर स्पष्ट सांगा."

नेमक्या त्याच आठवड्यात दुसरा एक फोन आला. दुसऱ्या मुलाचे बाबा. "मॅडम, आम्ही फी भरतो आणि पोरगा चिखल घेऊन घरी येऊन राहिला. मोजे धुऊन धुऊन बायको वैतागली. शेजारचा पोरगा वीसपर्यंत आकडे लिहितो, आमच्याले अजून अ काढता येत नाही." दोन वेगळ्या तक्रारी होत्या, पण मला त्या एकदम लागल्या. एकाला चिखल नको म्हणून त्रास, दुसऱ्याला चिखल आहे म्हणून त्रास. मग हा तास हवाच कशाला, असं त्या रात्री मी गंभीरपणे मनात आणलं.

समोर असलेले पर्याय

तास बंद करणं हा पर्याय सगळ्यात सोपा होता, आणि त्यावर आम्ही दोघी ताया दोन दिवस बोललो. बंद केला असता तर फोन थांबले असते आणि मावशीचं कामही अर्ध्यावर आलं असतं. ते न करण्याचं कारण एकच होतं: बाकीची मुलं त्या तासात जे करत होती ते टेबलावर होत नव्हतं. उदाहरण द्यायचं तर, चार वर्षांची एक मुलगी रोज उंच बाटलीतलं पाणी पसरट डब्यात ओतायची आणि "कमी झालं" म्हणायची, परत बाटलीत ओतायची आणि "वाढलं" म्हणायची. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या पियाजेने नेमका हाच घोळ टिपला होता: या वयाची मुलं भांड्यातल्या उंचीवरून पाणी मोजतात. हे तिला सांगून कळणार नव्हतं. शंभरदा ओतावं लागतं.

अ न येणाऱ्या मुलाच्या बाबांना मी बोलावून घेतलं आणि समजावलं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती नुसती कूर्चा असतात आणि एकेक करत हाड होत जातात. चार वर्षांच्या मुलाचा एक्स-रे काढला तर त्यातली तीनचारच दिसतात. पेन्सिल तीन बोटांत धरून बोटांनीच फिरवणं हे साधारण साडेचार ते सहा वर्षांच्या दरम्यान जमायला लागतं. त्याआधी तळव्याला, अंगठ्याला, खांद्याला जोर यायला हवा, आणि ओली माती पिळणं, चाळणी हलवणं, भरलेली बादली ओढणं यात तो येतो. त्यांनी ऐकून घेतलं. "तुमचं बरोबर आहे मॅडम, पण मोठ्या शाळेत ॲडमिशनला हे कोण विचारते?" म्हणाले. या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा चांगलं उत्तर नव्हतं, आजही नाही.

एक वाक्य मात्र मी मुद्दाम टाळलं. मातीत खेळलं की प्रतिकारशक्ती वाढते, असं पालकांना सांगितलं की ते खूश होतात. १९८९ साली ब्रिटिश संशोधक डेव्हिड स्ट्रॅचन यांनी भावंडं जास्त असलेल्या मुलांना ॲलर्जी कमी दिसते असं दाखवलं, तिथून ही कल्पना पसरत गेली. मूळ मुद्दा ॲलर्जीचा होता. मातीतून जंत होतात, जुलाब होतात, ते काही कुणाची प्रतिकारशक्ती वाढवत नाहीत. माती खेळायला द्यायची तर ती नीट करून द्यावी लागते.

अर्णवच्या बाबतीत तीन मार्ग दिसत होते. एक, त्याला दारातच उभं राहू द्यायचं, मोठा होईल तसा येईल. दोन, रोज थोडी थोडी सवय लावायची. आजोबांच्या पिढीचा हा उपाय, आणि मी एकदा तो करून पाहिला होताच. तीन, लगेच थेरपिस्टकडे पाठवायचं. आईचा कल तिसऱ्याकडे होता. मोबाईलवर वाचून तिने त्याला एक नावही देऊन टाकलं होतं.

आम्ही तिला दोन आठवडे मागितले आणि तेवढ्या काळात आठ-नऊ गोष्टी रोज लिहून ठेवल्या. नखं आणि केस कापताना किती त्रास होतो, दात घासू देतो का, कपड्याचं लेबल टोचतं का, आवाजाने कान झाकतो का, जेवणातले पदार्थ किती, हाक मारली की बघतो का, मुलांमध्ये जातो का. त्रास होता तो ओल्या, चिकट गोष्टीला हात लावण्यापुरता. वरणभात चमच्याने व्यवस्थित खात होता, वीसेक पदार्थ चालत होते, खेळत होता, बोलत होता. ही वही घेऊन आई त्यांच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेली. त्यांनी तपासून तीन महिने बघू असं सांगितलं. जेवण कमी होत गेलं, इतर स्पर्शही नकोसे झाले किंवा बोलणं मागे पडलं तर लगेच या, म्हणाले. वहीत वेगळं चित्र दिसलं असतं तर आम्ही दोन आठवडेही थांबलो नसतो, हे इथे नोंदवून ठेवते. असं प्रत्येक मूल मातीने सुधारतं, अशी माझी समजूत नाही.

काय केलं

पहिलं काम माफी मागायचं. अर्णव परत आला त्या दिवशी मी त्याच्यासमोर बसून म्हटलं, "मी तुला न विचारता तुझा हात मातीत ठेवला. आता तसं करणार नाही." तो म्हणाला, "ठेवू नको." विषय संपला, पण पुढचे कितीतरी दिवस मी जवळ आले की त्याच्या मुठी वळायच्या.

मग मी त्याच्या घरी गेले. आजी स्वयंपाकघरात परात घेऊन खाली बसल्या होत्या, अर्णव त्यांच्या गुडघ्याला टेकून. मला बघून त्यांनी आधी हिशेब चुकता केला. "मॅडम, घरी याची माय याले साधं खरकटं लागू देत नाही, अन् तुम्ही सरळ चिखलात हात घालून राहिल्या?" मी ऐकून घेतलं. बोलता बोलता त्या पिठात पाणी घालत होत्या, आणि मी बघितलं की पाणी घालायच्या आधी अर्णव पिठावर बोटाने रेघा ओढत होता. अगदी निवांत. पाणी पडलं तसा त्याने हात मागे घेतला, बोटं एकमेकांवर घासून पीठ झटकलं.

"त्याले पीठ चालते बाप्पा," आजी म्हणाल्या, "ओलं नाही चालत. रेतीत बसवला तर दिवसभर बसन."

पंधरा दिवस आम्ही वह्या भरत होतो आणि हे आजींना पहिल्यापासून माहीत होतं. कुणी विचारलं नव्हतं. झटकून जातं ते चालतं, चिकटून राहतं ते नाही. त्याला भीती होती ती हाताला लागलेलं निघणारच नाही याची.

एवढं कळल्यावर पुढचं बरंच सोपं झालं. आम्ही कोरड्यापासून सुरुवात केली. रेती पाऊस लागणार नाही अशी ओसरीवर घेतली. शेजारी अर्णवसाठी एक छोटी बादली आणि नॅपकिन ठेवला आणि सांगितलं, वाटेल तेव्हा उठायचं, हात धुवायचे, विचारायचं नाही. पहिल्या दिवशी तासाभरात त्याने अकरा वेळा हात धुतले. मावशीने मोजले. ती वैतागली होती, पण कुणी त्याला टोकायचं नाही असं ठरलं होतं.

धान्याचा प्रश्न इथे आला. इंटरनेटवरच्या बहुतेक खेळांत तांदूळ, डाळ, रंगवलेला साबुदाणा टबात ओतलेला असतो. माझ्या सहकारी ताईला तेच सोपं वाटत होतं. आजींना मी सहज विचारलं तर त्या एकदम म्हणाल्या, "अन्नाले पाय लागू नये म्हणतो आपण, अन् तुम्ही खेळाले देता?" आमच्या मावशीचंही तेच म्हणणं होतं. तिच्या घरी महिन्याअखेरीस तांदूळ मोजून शिजतो, आणि इथे ती तेच तांदूळ झाडून कचऱ्यात टाकणार. आम्ही धान्य वर्ज्य केलं. खरा स्वयंपाक असेल तर हात लावायचा: शेंगा सोलायच्या, कणिक मळायची, आणि ते नंतर खायचं. या निर्णयावर मला कधी शंका आली नाही.

कोरड्यातून ओल्याकडे अर्णवला नेलं ते ढेकळाने. आमची काळी माती उमरेडकडच्या मावशीच्या भावाच्या वावरातून येते, तीही बांधावरची. कपाशीच्या पट्ट्यातली नको असं आम्ही सांगून ठेवलं आहे, तिथे फवारणी असते. ऑगस्टमध्ये दोन दिवस ऊन पडलं तेव्हा पोत्यातली ढेकळं वाळून दगडासारखी झाली होती. मी काचेच्या बरणीत पाणी घेतलं, एक ढेकूळ आणि सांडशी अर्णवच्या हातात दिली आणि बाजूला झाले.

त्याने सांडशीने ढेकूळ पाण्यात सोडलं. आधी काहीच नाही. मग एका भेगेतून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली, दुसऱ्या बाजूने आणखी एक, सुर्र असा अगदी हलका आवाज, आणि ढेकळाचा एक कोपरा आपोआप सुटून खाली बसला. मग दुसरा. पाचेक मिनिटांत ढेकूळ बसकण मारल्यासारखं पसरलं आणि पाणी चहासारखं झालं. अर्णवने नाक बरणीला टेकवलं होतं. "ते श्वास घेऊन राहिलं," म्हणाला. त्या दिवशी त्याने सात ढेकळं बुडवली. आठव्याला सांडशी नीट बसेना, म्हणून त्याने ते दोन बोटांनी उचललं. सोडताना बोटांची टोकं पाण्यात गेली. त्याने बोटांकडे बघितलं, बादलीकडे बघितलं, आणि नववं ढेकूळ घेतलं.

मी काही बोलले नाही. फोटोही काढला नाही.

पोळ्याच्या आठवड्यात दुसरा टप्पा आला. नागपुरात तान्हा पोळा पोरांचाच. घरोघरचे लाकडी बैल सजवून बाहेर निघतात, पोरं बोजारा, म्हणजे पैसे-खाऊ मागत फिरतात. आमच्याकडे आम्ही मातीचे बैल करतो. चितार ओळीत गणपती करणाऱ्या एका मूर्तिकाराकडून मळलेली माती थोडी मिळते. ती काळ्या मातीसारखी चिकटत नाही, हाताला ओलसर लागते आणि वाळली की पापुद्र्यासारखी सुटते. अर्णवसाठी हा फरक मोठा होता. त्याने काडीने आणि चमच्याने बैल केला, तासभर हात न लावता. मग एक शिंग पडलं. काडीने परत बसेना. मी दुसऱ्या मुलाकडे वळले होते, त्यामुळे नेमकं कसं झालं ते मी पाहिलं नाही. मावशीने सांगितलं की त्याने बोट पाण्यात बुडवलं, शिंगाला लावलं, दाबून धरलं, आणि "आता धरते" असं स्वतःशीच म्हणाला. बैलाचं शिंग तिरपंच राहिलं. आजींनी तो देव्हाऱ्यापाशी ठेवला.

मधल्या काळात पालकांसाठीही काही गोष्टी पक्क्या केल्या. मातीच्या तासाला जुने कपडे, पिशवीत दुसरा जोड, मोजे बूट आत. प्रवेशाला लसीकरणाचं कार्ड बघायचं, दीड-दोन वर्षांचा डीपीटीचा, म्हणजे धनुर्वात वगैरेच्या लसीचा बूस्टर झाला आहे ना. दर सोमवारी नखं बघायची. खाऊच्या आधी साबणाने हात, ताई समोर उभी राहून. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंतनाशक दिन असतो तेव्हा गोळी चुकली नाही ना, हे विचारायचं. रेतीवर रात्री ताडपत्री, नाहीतर मांजरं तिथेच घाण करतात. टब रोज रिकामा करून, आतून घासून पालथा घालायचा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात आणि अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून भागत नाही. टबात चार बोटं पाणी असलं तरी एक मोठं माणूस तिथून हलत नाही. एका पालकाने वाढदिवसाला पाण्यात फुगणाऱ्या रंगीत मण्यांची पाकिटं वाटली, ती आम्ही मुलांकडून गोळा करून परत केली. असा मणी गिळला तर आतड्यात फुगून अडकू शकतो. ते पालक नाराज झाले.

डिसेंबरात बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा आल्या तेव्हा मी आजींना बोलावलं. त्या तीन किलो शेंगा घेऊनच आल्या आणि अंगणात चटईवर बसल्या. सोळा मुलं, मधे शेंगांचा ढीग, सोले, म्हणजे सोललेले दाणे टाकायला एक गंज, म्हणजे पातेलं. कोवळ्या शेंगेचा चिकट रस बोटांना लागतो, काळपट डाग पडतात, दोन दिवस जात नाहीत. अर्णव आजींच्या शेजारी बसून सोलत होता आणि दुसऱ्यांना दाखवत होता, "इथून दाब, टक् होते." बोटं काळी झाली होती. दुपारी सोलेभात झाला, मुलांनी पानं चाटली. त्याने मात्र चमच्यानेच खाल्ला.

काय झालं

मार्चपर्यंतचा हिशेब असा. अर्णव काळी माती दोन्ही हातांनी मळतो, पण बादली अजून शेजारी लागते. हात धुणं तासाला अकरावरून दोन-तीन वेळांवर आलं. तळव्याला रंग लावून ठसे उमटवायचे असले की सरळ नाही म्हणतो, आणि आम्ही ते नाही तिथेच ठेवतो. होळीला घरूनच आला नाही. जाड खडू तीन बोटांत धरतो. ते मातीमुळे की वयामुळे, मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी परत पाहिलं आणि पुढे पाठवायची गरज वाटली नाही.

आईचा बदल मला जास्त दिसला. सुरुवातीला घ्यायला आली की पर्समधून आधी ओला टिश्यू निघायचा आणि त्याचे हात पुसले जायचे, मग चेहऱ्याकडे नजर जायची. जानेवारीत एकदा ती आली, तो चिखलाने भरलेले हात पुढे करून धावला, तिचा हात पर्सकडे गेला आणि मधेच थांबला. चेहरा कसनुसा झाला होता तिचा. पण थांबली.

ज्यांचा मोज्यांवरून फोन आला होता त्या बाबांनी दिवाळीनंतर मुलाला काढून घेतलं आणि जिथे रोज लिखाणाचे कागद मिळतात अशा ठिकाणी घातलं. तो मुलगा आमच्या रेतीच्या हौदाचा राजा होता. चोवीसमधला एक म्हणजे आमच्या भाड्यातला मोठा तुकडा, त्यामुळे हे नुसतं मनाला लागलं असं नाही. अर्णवलाही या जूनमध्ये मोठ्या शाळेत टाकलं आहे. मुलाखतीत त्याला आकडे विचारले. त्याने सांगितले.

परत करायचं झालं तर

हात धरणार नाही, हे उघड आहे. पण त्याच्याही आधी, प्रवेशाच्या टेबलावर "हाताला लागलेलं चालत नाही" हे वाक्य आलं तेव्हा मी पेन खाली ठेवायला हवं होतं. काय चालत नाही, ओलं की चिकट, कधीपासून, मग तो काय करतो, घरी त्याच्याबरोबर दिवसभर कोण असतं. हे पाच मिनिटांचं काम मी केलं नाही आणि त्यात मुलाचे तीन-चार आठवडे गेले.

घरी जायला मला वीस दिवस लागले. आजी रोज साडेबाराला दारात येत होत्या. मी त्यांच्याशी "हो, छान होता आज" एवढंच बोलत होते, कारण महत्त्वाचं बोलणं आईशी करायचं असं मी गृहीत धरलं होतं. नोकरी करणाऱ्या घरात मुलाच्या हातांची माहिती बहुतेक आजीकडेच असते.

फोटोंबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. मी ग्रुपवरचे फोटो बंद करायच्या बाजूची आहे. सहकारी ताईचं म्हणणं, चिखलाचा तास लोकांना कळतो तो फोटोंमुळेच, नव्या प्रवेशातले निम्मे तिथूनच येतात. सध्या तडजोड अशी की फक्त वस्तूंचे आणि हातांचे फोटो जातात, चेहरे आणि घोळके नाहीत. अर्णवच्या वेळी हा नियम असता तर तो नातेवाईकांचा प्रश्न आलाच नसता.

कपड्यांची सूचना आम्ही तक्रार आल्यावर काढली. ती जूनच्या पहिल्या पालकसभेत द्यायला हवी होती, तीही आंगणात, माती समोर ठेवून. यंदा तसं केलं. सगळ्या आईबाबांना एकेक घमेलं दिलं आणि बैल करायला सांगितले. दोघा-तिघांनी हातच घातला नाही. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्याच मुलांजवळ बसले.

ताडपत्री मात्र नवी घ्यायची आहे. जुनी मांजरांनी फाडली.